गार्गीच्या बोटांचा कोर्स

२२ नोव्हेंबर, शनिवार

ही डायरी आमच्या सुनेला, पूनमला, कुठल्याशा कृषी केंद्रवाल्याने दिली. ती कृषी सहायक आहे, दिवसभर स्कूटीवर गावोगाव फिरते. डायरीच्या दर पानाच्या तळाशी कपाशीवरच्या एकेका किडीचा बंदोबस्त छापला आहे. आजच्या पानावर मावा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरगी हातांनी काय काय करते ते घरात कोणीतरी दोन महिने लिहून ठेवा. घरात रिकामा मीच, म्हणून नेमणूक माझी झाली.

झालं असं. आमची नात गार्गी, घरातली छकुली, नुकतीच दोन वर्षांची झाली. आज तिला तपासणीला नेलं होतं. चालणं, धावणं, ओरडणं यांत पोरगी पैकीच्या पैकी. मग बाईंनी बोटांची परीक्षा घेतली. छकुली आजीच्या मांडीवर होती. आजी म्हणजे आमच्या सौभाग्यवती, सुलभा. पोर मांडीवर घ्यायची तिची एक पक्की पद्धत आहे. पोराचा डावा हात आपल्या काखेखालून मागे घालायचा, म्हणजे पोर सटकत नाही आणि त्याचा उजवा हात कामाला मोकळा राहतो. बाईंनी टेबलावर एक बेदाणा ठेवला. तो अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत उचलायचा होता. छकुलीने त्यावर अख्खा पंजा मारला आणि बेदाणा बाईंच्या चपलेत गेला. ठोकळ्यांचा मनोरा दोन ठोकळ्यांवर कोसळला. खडू तिने मुसळासारखा धरला आणि कागद फाडला.

बाई म्हणाल्या, घाबरू नका, घरच्या घरी रोज खेळ घ्या, दोन महिन्यांनी परत दाखवा. फरक दिसला नाही तर मात्र संभाजीनगरला मोठी तपासणी करावी लागेल, आणि कदाचित काही महिने तिथेच राहून उपचार. रिक्षात पूनम एवढंच म्हणाली की तशी वेळ आली तर ती नोकरी सोडेल. चिरंजीव विहंग डोणगावला बँकेत असतात. ते फोनवर म्हणाले, "बघू." विहंगला बोलता यायला लागल्यापासून तो "बघू"च म्हणतो.

मी मात्र निश्चिंत आहे. मी चिखलीत एकतीस वर्षं टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. या तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटं माझ्या नजरेखालून गेली. आता इन्स्टिट्यूट बंद आहे, मशिनी भंगारात गेल्या, फक्त सर उरले. ज्या माणसाने आडदांड पोरांच्या करंगळ्या वठणीवर आणल्या, त्याला दोन वर्षांच्या पोरीची दहा बोटं काय जड आहेत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अभ्यासक्रम तयार केला. सकाळी दहा ते साडेदहा कणीक, साडेदहा ते अकरा कपड्यांचे चिमटे, दुपारी झोपेनंतर झाकणं उघडणे व लावणे. कागदावर तिरक्या अक्षरात "विषय: बोटे" असं लिहून फ्रिजवर लावला. सुलभाने त्याच्यावर भाजीची यादी लावली.

कणकेचा तास. मी एक गोळा छकुलीच्या उजव्या हातात दिला आणि चिमट्या काढून दाखवल्या. तिने गोळा माझ्या टकलावर थापला. डावा हात सारखा मध्येमध्ये करत होता, तो मी बाजूला धरून ठेवला. लक्ष विचलित होऊ नये हा इन्स्टिट्यूटचा पहिला नियम.

जेवताना प्रगती शून्य. उजव्या हाताने भाताचा घास तोंडापर्यंत येईतो निम्मा गळ्यातल्या लाळेऱ्यावर सांडतो. सुलभा नेहमीप्रमाणे तिचा डावा हात आपल्या मांडीखाली दाबून बसते, नाहीतर पोरगी तोच ताटात घालते. आमच्याकडे सगळ्याच पोरांचा तो हात असा धरतात. विहंगचा धरला होता. माझाही धरला असेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चिमट्यांचा तास. दोरीवर बारा चिमटे, एकेक काढून डब्यात टाकायचा. मी तिची उजवी बोटं चिमट्यावर ठेवून वरून दाबली. ती मला चावली.

आज घरात एक विचित्र प्रकार घडला. टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण काढलेलं आणि दोन्ही सेल गायब. मला कीर्तन बघायचं नव्हतंच, पण प्रश्न तत्त्वाचा होता. भांडी घासायला मनकर्णाबाई येतात, त्यांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांना ते सहज वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "म्या काऊन नेईन सेल? माह्या घरी टीवीच न्हाई." मग माझ्या वाट्याच्या ताटावर राखेचा डाग तीन दिवस राहील हे मला कळलं.

सेल संध्याकाळी माझ्या बुटात सापडले. डाव्यात एक, उजव्यात एक.

३ डिसेंबर, बुधवार

झाकणांचा तास. लोणच्याच्या, औषधाच्या, पावडरीच्या अशा नऊ रिकाम्या बरण्या-डब्या मांडल्या. एकही उघडली नाही. डबी छातीशी धरते, उजवा हात झाकणावर ठेवते आणि माझ्याकडे बघते, जणू आता पुढचं तुम्ही करा. मी करतो. मग तिला टाळ्या वाजवायला सांगतो, त्या ती वाजवते. टाळ्या वाजवण्यात पोरगी अव्वल आहे.

पूनम रात्री आल्यावर आधी डायरी वाचते. आज तिने विचारलं, बाबा, खरंच एकही नाही? मी म्हटलं, सुरुवातीला सगळ्यांचीच बोटं जड असतात.  मग ती छकुलीला जवळ घेऊन तिच्या उजव्या हातात चमचा धरून बराच वेळ रिकाम्या वाटीतून खाण्याचा खेळ खेळत बसली. चमचा पडायचा, ती पुन्हा द्यायची.

९ डिसेंबर, मंगळवार

वामनराव आला होता. वामन म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, एसटीत कंडक्टर होता. फ्रिजवरचा अभ्यासक्रम त्याने भाजीच्या यादीखालून काढून मोठ्याने वाचला.

"काऊन बे चिंत्या, दोन वर्साच्या पोरीले परीक्षेले बसवून राह्यला का?"

मी त्याला मनुष्याच्या प्रगतीतलं अंगठ्याचं महत्त्व समजावलं. तो म्हणाला, अंगठ्याचं महत्त्व त्याच्याइतकं कोणाला कळणार, त्याने तीस वर्षं तिकिटं फाडली. वर असंही म्हणाला की पोरांना असं समोर बसवून काही येत नसतं, त्यांना मोकळं सोड आणि आपण दुसरीकडे बघ. अशा सल्ल्यावर इन्स्टिट्यूट चालत नसतात.

तो गेल्यावर देवघरात गेलो तर नवा प्रकार. पिठाची चाळणी उपडी आणि तिच्या छिद्रांमध्ये एकवीस अगरबत्त्या सरळ उभ्या रोवलेल्या. एकही मोडलेली नाही. मला वाटलं सुलभाने मार्गशीर्षातलं काहीतरी व्रत धरलं असेल आणि मला सांगितलं नसेल. तिची व्रतं मला शेवटच्या दिवशी, उपासाच्या फराळावरून कळतात. मी नमस्कार करून बाहेर आलो. मग सुलभा आत गेली आणि तिने मला विचारलं की हा काय पांचटपणा. म्हणजे तिने केलं नव्हतं. वामनच असणार. साठीनंतर काही माणसांना अशी लहर येते.

१८ डिसेंबर, गुरुवार

नऊ दिवस काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही झालं नाही. चिमटा नाही, झाकण नाही, मनोरा दोनवरच.

आज पूनमच्या पर्समधून कागद खाली पडला, मी उचलला. बिनपगारी रजेचा अर्ज. एक फेब्रुवारीपासून, सहा महिने. तारखेची जागा भरलेली, सही बाकी. मी तो तसाच परत ठेवला. या नोकरीसाठी तिने रोहिणखेडहून पहाटेची गाडी धरून बुलडाण्याला क्लास केला होता. लग्नाच्या बोलणीत तिने पोहे देण्याच्या आधी आम्हाला सांगितलं होतं की मी नोकरी करणार.

सुलभा दिवसातून एकदा तरी म्हणते की आई घरी असती तर पोरीचे हात कधीच चालले असते. हे ती पूनमसमोर म्हणत नाही, पण आमचं घर काही एवढं मोठं नाही.

मी इथे एकदाच लिहितो, मला भीती वाटते. मी विद्यार्थ्याच्या पाठीमागे उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचो की तुझं कुठलं बोट चुकतंय. या पोरीचं काय चुकतंय ते मला कळत नाही. फळ्यासमोर उभं राहून विसरल्यासारखं वाटतं.

पान बोंडअळीचं आहे. नुकसान आतून होतं, बाहेरून बोंड चांगलं दिसतं, असं खाली छापलंय. कोण लिहितं हे.

२५ डिसेंबर, गुरुवार, रोहिणखेड

पूनमला नाताळची सुट्टी आणि जोडून एक रजा मिळाली, म्हणून तिच्या माहेरी आलो. मी, पूनम आणि छकुली. सुलभाचे गुडघे एसटीला तयार नव्हते. निघताना तिने मला तीन वेळा बजावलं की पोरीला जेवू घालताना डावा हात धरा, तिकडे त्या लोकांना काही शिस्त नाही.

व्याही पंजाबराव मशिदीजवळच्या वळणावर बैलगाडी घेऊन उभे होते. छकुलीला बैलाचं शेपूट धरायचं होतं. घरात ओसरीपासून पार आतल्या खोलीपर्यंत कापूस भरलाय. आमच्या झोपायची सोय त्याच्याच बाजूला.

२६ डिसेंबर, शुक्रवार, रोहिणखेड

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीने लिहीन.

सकाळी मी उशिरा उठलो. ओसरीवर विहीणबाई, शालूबाई, कापसाच्या ढिगाशी बसून त्यातला कचरा वेचत होत्या. वेचणीत वाळक्या पानांचा बारीक चुरा बोंडाबरोबर येतो, तो काढल्याशिवाय कापसाला भाव येत नाही. छकुली शेजारी बसली होती. तिच्यासमोर कापसाचा एक गोळा. ती त्यातून पानाचा तुकडा चिमटीत धरायची, ओढून काढायची, टोपल्यात टाकायची, आणि पुढचा तुकडा शोधायची. तांदळाच्या कणीएवढे तुकडे. एकामागून एक. तिची मान जराही हलत नव्हती.

मी चष्मा नाकावर सारला. अंगठा आणि पहिलं बोट, पुस्तकात दाखवतात तशी चिमटी. मग माझ्या लक्षात आलं की पोरगी चुकीच्या हाताने करतेय. मी लगबगीने खाली बसलो, कापूस तिच्या उजव्या हाताशी सरकवला आणि डावा हात धरला. तिची मान लगेच वर झाली. तुकडा पडला.

शालूबाई म्हणाल्या, "सर, हात काऊन बदलून राह्यले तिचा? डावरी हाये पोरगी. तुमाले मालूम न्हाई का?"

मी म्हटलं, काय?

"मी तं दिवाळीलेच पाह्यलं. मले वाटलं तुमाले ठाव असन."

मी हात सोडला. तिने पडलेला तुकडा उचलला आणि टोपल्यात टाकला.

मग मी डब्यातून बेदाणे आणले. उजव्या हातासमोर एक ठेवला आणि डावा धरला: पंजा मारला, बेदाणा गेला कापसात. डावा सोडला: तिने तो कापसातून शोधून काढला आणि खाल्ला. मी पाच वेळा करून बघितलं. सहाव्या वेळी तिने डबाच ओढला, डाव्या हाताने झाकण फिरवून उघडलं आणि बेदाण्यांसकट पंजाबरावांकडे निघून गेली.

रिमोटचे सेल कोणी काढले आणि अगरबत्त्या कोणी रोवल्या हे मला तिथेच ओसरीवर बसल्या बसल्या कळलं. आणि मनकर्णाबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला. घरी गेल्यावर त्यांच्याशी बोलायला हवं.

एकतीस वर्षं मी लोकांना ए-एस-डी-एफ शिकवलं. चारही अक्षरं डाव्या हाताची. पहिल्या दिवशी पोरं डावा हात मांडीवर ठेवून एकट्या उजव्याने बडवायची, आणि मी पट्टी आपटून म्हणायचो, देवाने हा दुसरा कशाला दिलाय. तोच मी रोज सकाळी दहा वाजता नातीचा डावा हात धरून बसत होतो, अभ्यासक्रमानुसार.

दुपारी पूनमला सांगावंच लागलं नाही, तिच्या आईने मोठ्या आवाजात सांगितलं होतं. पूनम माझ्याजवळ येऊन बसली. तिने एकच विचारलं.

"बाबा, दवाखान्यात तिचा कोणता हात मोकळा होता?"

"उजवा."

ती हसायला लागली आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. चमचा तर मीपण उजव्यातच देत होते, असं ती म्हणत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कोणता ते बघितलं नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

सुलभाला सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. विहंग म्हणाला, "बघू."

तिने आधी मला वेड्यात काढलं. मग म्हणाली की असं कोणी जन्मत नसतं, खेड्यात चार दिवस मोकळं सोडलं की पोरं काहीही शिकतात. मी बेदाण्याचा प्रयोग करून दाखवला. ती बघत होती, पण चेहरा वरण करपल्यासारखा. शेवटी म्हणाली, "उद्या सासरी पंगतीत डाव्या हाताने जेवायला बसली तर लोक तिला नाही, मला नावं ठेवतील."

मी म्हटलं, पंगतीला अजून बावीस वर्षं आहेत, तोवर आपण दोघं भिंतीवर असू. हे तिला आवडलं नाही. रात्री तह झाला. घरात खेळताना पोरीने वाटेल तो हात वापरावा. देव, जेवण आणि चारचौघं यांच्यासमोर उजवा. पूनमला हा तह मान्य नाही. ती म्हणते हात काय रविवारचे कपडे आहेत, पाहुणे आले की बदलायचे?

मनकर्णाबाईंची माफी मागितली. त्यांनी भांडं घासता घासता "बरं" म्हटलं.

६ जानेवारी, मंगळवार

अभ्यासक्रम फाडला. वामनचं म्हणणं बरोबर होतं, पण हे मी त्याला सांगणार नाही.

आता मी नुसता बसतो आणि वस्तू आजूबाजूला ठेवतो. आज तिने बाराही चिमटे दोरीवरून काढले. डब्यात टाकले नाहीत. माझ्या बनियनला चार, धोतराला पाच, कानाला दोन आणि मी ओरडलो तेव्हा बारावा नाकाला. मनोरा सात ठोकळ्यांचा झाला. तुरीच्या शेंगा सोलते, दाणे वाटीत आणि टरफलं आजीच्या चपलेत. जेवताना मात्र डावा हात सुलभाच्या मांडीखाली. तेवढा वेळ पोरगी मुकाट्याने सांडते. बघवत नाही, म्हणून मी ताट घेऊन बाहेर बसतो. हे काही शौर्याचं काम नाही, मला माहीत आहे.

१७ जानेवारी, शनिवार

तपासणी. या वेळी छकुली पूनमच्या मांडीवर, दोन्ही हात मोकळे. बेदाणा चिमटीत उचलला आणि डॉक्टरीणबाईंनाच भरवला. मनोरा आठ. पुस्तकाची पानं एकेक उलटली आणि नको असलेलं एक फाडलं. बाई हसल्या. म्हणाल्या, पोरगी चांगली आहे, संभाजीनगर वगैरे काही नको. मग गंभीर होऊन म्हणाल्या की हात मात्र कोणी बदलू नका. जेवतानाही नाही. नाहीतर पोरीला वाटत राहील की आपल्यात काहीतरी वाईट आहे.

हे त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. सुलभा भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर पूनमने पर्समधला कागद काढून फाडला आणि तुकडे परत पर्समध्ये ठेवले, रस्त्यावर टाकत नाही ती. रिक्षात सुलभा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, पंचवीस तारखेला बोरन्हाण आहे, बायकांना आमंत्रणं गेलीत. आमच्याकडे संक्रांतीनंतर लहान पोराला काळे कपडे घालून पाटावर बसवतात, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओततात आणि पोरं ते वेचतात. सगळी आळी बघायला असते. सुलभाचं म्हणणं, त्या दिवशी तरी चारचौघींत शोभा नको. पूनम म्हणाली, मग बोरन्हाणच नको. पुढचा रस्ता दोघी दोन बाजूंना बघत होत्या आणि मी मध्ये.

२३ जानेवारी, शुक्रवार

बोरन्हाण होणार. सुलभाने तोडगा काढला म्हणे. काय ते सांगत नाही, पण "मी पोरीच्या हाताला हात लावणार नाही, झालं?" असं पूनमला म्हणाली. पूनमने विश्वास ठेवला.

गेले दोन दिवस शिवणयंत्र चालू आहे. काळा झगा, पांढऱ्या ठिपक्यांचा, लांब बाह्यांचा. मी दोरीवर बघितला. डावी बाही उजवीपेक्षा चांगली चार बोटं लांब झालीय. सुलभाचं माप चुकलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. वय झालं. मी काही बोललो नाही, तिला वाईट वाटायचं.

२५ जानेवारी, रविवार

दुपारी चारला बायका जमल्या. अठरा-वीस तरी असतील. मधोमध अंबूबाई, भजनी मंडळाच्या प्रमुख. या आळीत कोणाच्या घरचं काय बरोबर आणि काय चूक ते त्या ठरवतात, आणि सुलभा त्यांच्या उजव्या हाताला बसते, तीस वर्षं झाली. मी दाराशी उभा होतो. पुरुषांना तिथे काम नसतं.

सुलभाने छकुलीला आतून सजवून आणलं. काळा झगा, हलव्याचे दागिने. पोरीला पाटावर बसवलं. आणि तेव्हा मला ती बाही दिसली. माप चुकलेलं नव्हतं. डावी बाही हाताच्या पंजाच्या पुढे येऊन दुमडलेली, आणि दुमडीवर टिचबटण लावून बंद केलेली. आतला हात पिशवीत घातल्यासारखा. सुलभाने हात लावला नव्हता, शब्द पाळला होता. स्वयंपाकघराच्या दारात पूनम उसाच्या तुकड्यांचं ताट घेऊन थांबली. तिला दिसलं होतं. मी काय केलं? काही नाही. मी चष्मा पुसला.

पहिलं माप सुलभाने ओतलं. बोरं घरंगळली, बाकीची पोरं धावली. छकुलीने समोरच्या बोरावर उजवा पंजा मारला, ते सटकलं. दुसऱ्यावर मारला, तेही. एक मुलगी हसली. छकुलीने बंद बाही वर करून बघितली, मग आजीकडे बघितलं.

अंबूबाई म्हणाल्या, "काऊन वं सुलभा, पोरीच्या हाताले काई लागलं का?"

"थोडं खरचटलंय," सुलभा म्हणाली. ती खोटं बोलते तेव्हा पदर नीट करते. तिने केला.

बायकांनी च्, च् केलं. छकुलीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तिने बाही तोंडाशी नेली, चावली. मग मांडीवर ठेवली आणि उजव्या हाताने ते टिचबटण चाचपायला लागली. हाच तो हात, ज्याने दोन महिन्यांत माझं एक झाकण उघडलं नाही. तिने अंगठा बटणाखाली घातला, तो निसटला. पुन्हा घातला. बोरं वेचणारी पोरंही थांबून बघत होती. तिसऱ्या वेळी टिच्‌ आवाज झाला. बाही उघडली आणि आतून डावा हात बाहेर आला. धडधाकट, कुठे ओरखडा नाही, तळव्याला नुसता घाम. सगळ्यांनी बघितला. अंबूबाईंनी आधी हात बघितला, मग सुलभाचा पदर.

पूनमने ताट खाली ठेवलं आणि पुढे निघाली. पण सुलभा आधी उठली. मला वाटलं, आता ती बटण परत लावणार, आणि आज या घरात जे व्हायचं ते होणार. ती गुडघ्यांवर कष्टाने खाली बसली, पोरीसमोर. बाही एकदा दुमडली, दोनदा दुमडली, कोपरापर्यंत वर चढवली. तिला वेळ लागला. मग मान वर न करता म्हणाली,

"अंबूबाई, काही लागलेलं नाही. आमची पोरगी डावखुरी आहे. टाका बोरं."

अंबूबाईंनी क्षणभर बघितलं. मग माप उचललं आणि ओतलं.

छकुलीने खाली वाकून एक बोर चिमटीत उचललं. फिरवून बघितलं, देठ काढून टाकलं. आणि समोर बसलेल्या आजीच्या तोंडात घातलं, डाव्या हाताने, वीस बायकांच्या देखत. सुलभाने तोंड उघडलं आणि घेतलं. बी टाकायला जवळ काही नव्हतं म्हणून असेल, बायका हळदीकुंकू लावून आपापल्या घरी जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.